हवेवर उभा राहणारा दवाखाना

कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्राला पहिल्यांदा जाणवली ती वऱ्हाडात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांतले आकडे एकाएकी चढू लागले. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभराची टाळेबंदी लागली, ती पुढेही वाढली. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत देशभर एकच ओरड होती: खाटा नाहीत. वास्तविक खाट ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. लोखंडी पलंग आणि गादी एका दिवसात जमवता येते. कमी पडत होती ती खाट मांडण्याजोगी खोली. ऑक्सिजनची नळी जिच्यापर्यंत पोचते, जिला खात्रीची वीज आहे, जिची फरशी पुसता येते आणि जिच्यातली हवा शेजारच्या वॉर्डात शिरत नाही, अशी खोली.

ही उणीव भरून काढायला त्या वर्षी एक प्रयोग झाला आणि त्यात अमरावतीचं नाव होतं. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या ‘मॉड्युलस हाउसिंग’ या नवउद्योगाने ‘मेडिकॅब’ नावाचं घडीचं रुग्णालय तयार केलं होतं. भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने पुढाकार घेतला, अमेरिकन इंडिया फाउंडेशनने देणगीदार कंपन्यांचा पैसा आणला, आणि पहिल्या टप्प्यात छत्तीसगडमधल्या बिलासपूरला १०० खाटांचं, तर महाराष्ट्रात अमरावती, पुणे आणि जालना जिल्ह्यांत प्रत्येकी २० खाटांचं विस्तारित रुग्णालय उभं राहिलं. १०० खाटांचा असा विभाग तीन आठवड्यांत उभा होतो, सुमारे २५ वर्षं टिकतो आणि गरज पडली तर आठवड्याच्या आत उचलून दुसरीकडे नेता येतो, असं तेव्हा सांगण्यात आलं.

इमारतीच्या हिशेबात तीन आठवडे म्हणजे कमालच. आपल्याकडे निविदा उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. पण भूकंप, महापूर किंवा स्फोट यांच्या हिशेबात तीन आठवडे फार होतात. जखमी माणसाचं भवितव्य पहिल्या काही तासांत ठरतं. त्या तासांसाठी जगभरातली सैन्यं आणि मदतसंस्था गेली काही दशकं एका वेगळ्या आसऱ्याकडे वळल्या आहेत. ट्रकमधून गुंडाळी उतरवायची, मोकळ्या जागी पसरायची, पंप लावायचा आणि काही मिनिटांत उभी राहणारी खोली वापरायला घ्यायची. हिच्यात खांब नाहीत, वासे नाहीत. सगळा भार हवेवर.

हवा छत कसं पेलते?

हवा तीन तऱ्हांनी निवारा उभा करते आणि या तीन तऱ्हांत गल्लत झाली की खरेदीही चुकते.

पहिली तऱ्हा जत्रेत प्रत्येकाने पाहिलेली आहे. मुलं ज्यावर उड्या मारतात तो रबरी किल्ला. त्याच्या शिलाईतून हवा सतत गळत असते आणि मागचा पंखा ती सतत भरत असतो. पंखा थांबला की किल्ला बसतो. हे तंत्र स्वस्त आहे, पण ते विजेवर पूर्ण अवलंबून आहे.

दुसऱ्या तऱ्हेत भिंतीत हवा भरत नाहीत, आख्खी खोलीच फुगवतात. कापडाचा एकच पडदा, त्याची कडा जमिनीला घट्ट जखडलेली, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त. किती जास्त? साधारण २५० पास्कल, म्हणजे पाण्याच्या २५ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या घरात असतो, त्याच्या मानाने हा पाव टक्का झाला. सातमजली इमारतीच्या गच्चीवरून खाली उतरल्यावर हवेच्या दाबात जेवढा फरक पडतो, जवळजवळ तेवढाच. आतल्या माणसाला तो जाणवतही नाही. पण एवढासा दाब १०० चौरस मीटरच्या छताला अडीच टनांच्या जोराने वर ढकलतो. म्हणून अशा निवाऱ्याचा खरा प्रश्न छत पडण्याचा नसून छत उडण्याचा असतो. शिवाय आत-बाहेर जायला एकापाठोपाठ एक अशी दोन दारं लागतात. एक बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं, नाहीतर हवा निघून जाते. स्ट्रेचर घेऊन धावणाऱ्यांना ही दारं डोकेदुखी ठरतात. शाळांमधून फिरणारी तारांगणं आणि परदेशातली काही झाकलेली मैदानं याच तत्त्वावर उभी असतात.

तिसरी तऱ्हा सैन्याच्या आणि दवाखान्याच्या कामाची. यात हवाबंद नळ्यांच्या कमानी असतात. नळ्या फुगल्या की त्याच तंबूचा सांगाडा होतात आणि त्यांच्यावर कापड ताणलं जातं. आतल्या खोलीत जादा दाब नसतो, त्यामुळे दार उघडं ठेवलं तरी चालतं. पंप बंद करून व्हॉल्व्ह लावला की कमानी तासन् तास उभ्या राहतात, आणि एक नळी फाटली तरी उरलेल्या कमानी छत तोलून धरतात. पुढे या लेखात ‘हवेचा तंबू’ म्हटलं आहे तो हाच.

जाड नळी की कडक नळी?

कापडाच्या नळीला लोखंडासारखा ताठपणा कुठून येतो, यामागचं गणित सोपं आहे. फुगलेल्या नळीचं कापड सगळीकडून ताणलेलं असतं. नळीवर भार आला की एका बाजूचा ताण वाढतो आणि दुसऱ्या बाजूचा कमी होतो. तो कमी होत शून्यावर आला की तिथे सुरकुती पडते आणि नळी लवायला लागते. ही सुरकुती पडेपर्यंत नळी किती भार सोसेल, ते दोन गोष्टींवर ठरतं: आतला दाब आणि नळीची त्रिज्या. दाब दुप्पट केला तर ताकद दुप्पट होते. त्रिज्या दुप्पट केली तर ताकद आठपट होते.

म्हणून मदतकार्यातले तंबू जाड नळ्यांचे आणि कमी दाबाचे असतात. मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या फार तर पाचव्या-सहाव्या भागावर त्यांचं भागतं. हिशेबच मांडायचा तर ३० सेंटिमीटर व्यासाची नळी घ्या आणि तिच्यात वातावरणापेक्षा ०.३ बार जास्त दाब भरा. पाच सेंटिमीटर रुंदीच्या कापडाच्या पट्टीवर सुमारे २३ किलोचा ताण येतो. मुलामा दिलेलं चांगल्या प्रतीचं पॉलिएस्टर कापड याच्या दहापट ताण सहज सोसतं. अशा चार कमानी, प्रत्येकी दहा मीटर लांबीच्या धरल्या, तरी त्यांत मिळून तीन घनमीटरही हवा मावत नाही. मिनिटाला दीड हजार लिटर हवा फेकणारा पंप दोन-तीन मिनिटांत त्या फुगवतो. तंबू पाच-दहा मिनिटांत उभा राहतो हा विक्रेत्यांचा दावा त्यामुळे अतिशयोक्तीचा वाटायचं कारण नाही. वेळ जातो तो जागा साफ करण्यात, जखडण्यात आणि आतल्या वीज-पाण्याच्या जोडणीत.

जाड नळीच्या तत्त्वाचा भव्य नमुना १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात उभा होता. तिथलं फुजी दालन प्रत्येकी चार मीटर व्यासाच्या १६ नळ्या कमानीसारख्या शेजारी शेजारी जोडून बांधलेलं होतं, आणि जोराच्या वाऱ्याची चाहूल लागली की नळ्यांतला दाब वाढवत. दुसऱ्या टोकाला अमेरिकी सैन्याच्या नॅटिक इथल्या संशोधन केंद्राने बारीक पण कडक नळ्यांचा मार्ग धरला. कमानीच्या आकारातच विणलेल्या, जोड नसलेल्या मजबूत धाग्यांच्या नळ्या आणि मोटारीच्या चाकाहूनही जास्त दाब. त्यांतून हेलिकॉप्टर दुरुस्तीचे मोठे तंबू उभे राहिले. पण एवढ्या दाबाला वेगळा कॉम्प्रेसर लागतो आणि फाटलेली नळी गावात जोडता येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जाड नळीच बरी.

लष्करी डोक्यातून निघालेली कल्पना

या कल्पनेचा जन्मच मुळी रणांगणावरच्या दवाखान्यासाठी झाला. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, मोटारी आणि विमानांचा अभ्यासक असलेल्या फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने हवेच्या दाबावर तोललेल्या युद्धरुग्णालयाच्या तंबूचं पेटंट मागितलं. त्याचा भाऊ हेन्री वास्तुविशारद होता. जोधपूरचा उमेद भवन राजवाडा त्याच्याच आराखड्याचा. फ्रेडरिकचा तंबू मात्र कागदावरच राहिला, कारण हवा धरून ठेवेल, ऊनपावसात टिकेल आणि तरीही हलकं असेल असं कापड तेव्हा नव्हतं.

कापड आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. रडारला ऊनवाऱ्यापासून झाकायचं होतं, पण धातूचा सांगाडा रडारच्या लहरींना आड येत होता. अमेरिकेत कॉर्नेल विमानविद्या प्रयोगशाळेतल्या वॉल्टर बर्ड याने १९४८ मध्ये ५० फूट व्यासाचा हवेवर तोललेला घुमट उभा केला आणि लँचेस्टरची कल्पना पहिल्यांदा जमिनीवर आली.

युद्धभूमीवर तिची खरी परीक्षा व्हिएतनाममध्ये झाली. अमेरिकी सैन्याने ‘मस्ट’ नावाची फिरती रुग्णालयं आणली. त्यांत शस्त्रक्रियेची खोली कडक पेटीची होती, वॉर्ड दुहेरी भिंतींचे आणि हवेने फुगवलेले होते, आणि वीज, गार हवा, पाणी पुरवायला एक टर्बाइन होतं. नोव्हेंबर १९६६ मध्ये ताय निन्ह इथे अशा पहिल्या रुग्णालयाची उभारणी चालू असतानाच उखळी तोफांचा मारा झाला आणि त्याचे प्रमुख मेजर गॅरी रॅटन ठार झाले. पुढे या रुग्णालयांनी हजारो जखमींवर उपचार केले, पण दोन तक्रारी कायम राहिल्या: टर्बाइन इंधन ढोसत होतं आणि बॉम्बचे तुकडे फुगलेल्या भिंतींची चाळण करत होते. मुक्काम लांबला तसे सैन्याने वॉर्ड पक्क्या इमारतींत हलवले. हवेचा तंबू तात्पुरताच असतो, त्याच्याकडून कायमची कामं घेतली की तो महाग पडतो. हा धडा तेव्हाचा.

नागरी मदतकार्यात ही विद्या ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संस्थेने रुजवली. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानातल्या मानसेहरा इथे तिने फुगवलेल्या तंबूंचं रुग्णालय थाटलं. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्सला तेच केलं. तिथला प्रसंग मात्र वेगळ्याच कारणाने लक्षात राहतो. रुग्णालयाचं सामान घेऊन निघालेल्या विमानाला राजधानीच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरू दिलं नाही. ते शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळवलं आणि सामान तिथून रस्त्याने आणावं लागलं. काही मिनिटांत उभा राहणारा तंबू एक दिवस उशिरा पोचला. आसरा किती वेगाने फुगतो यापेक्षा तो कुठे ठेवलेला आहे, याला किंमत जास्त.

भारतातही झटपट पोचणाऱ्या रुग्णालयाचा विचार आता पेट्यांपर्यंत आला आहे. ‘भीष्म’ या फिरत्या रुग्णालयात ७२ छोट्या पेट्या असतात, ३६-३६ च्या दोन संचांत बसवलेल्या. २०० जखमींपर्यंत उपचाराची त्याची क्षमता सांगितली जाते. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या सोहळ्यात अशी दोन रुग्णालयं ठेवली होती, आणि त्याच वर्षी मे महिन्यात हवाई दलाने आग्र्याला विमानातून पॅराशूटने असं रुग्णालय उतरवून पाहिलं.

दाब आत की बाहेर?

अमरावतीतल्या घडीच्या रुग्णालयाकडे परत वळायचं ते एका तांत्रिक कारणासाठी. ‘मेडिकॅब’च्या रचनेत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवण्याची सोय होती. पंखे आतली हवा गाळणीतून ओढून बाहेर टाकतात, त्यामुळे दाराच्या फटीतून हवा नेहमी आत येते. रुग्णाच्या श्वासातले विषाणू आपोआप बाहेर पसरत नाहीत. साथीच्या रोगात हेच हवं.

आता आख्खी खोली फुगवण्याची तऱ्हा आठवा. तिथे आतला दाब जास्त असावाच लागतो. म्हणजे प्रत्येक फटीतून आतली हवा बाहेर. क्षयरोग किंवा कोरोनाच्या रुग्णाला असल्या घुमटात ठेवणं म्हणजे जंतू बाहेर फुंकण्याची सोय करणं. उलट भाजलेल्या रुग्णाला किंवा शस्त्रक्रियेच्या खोलीला हाच जास्तीचा दाब उपयोगी, कारण बाहेरची धूळ आत येत नाही. रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे लष्करी निवारेसुद्धा याच तत्त्वावर चालतात. गाळलेली हवा आत भरून दाब वाढवायचा आणि विषाला उंबऱ्यावरच थोपवायचं.

कमानींच्या तंबूला दोन्ही जमतं. त्याचा ताठपणा नळ्यांत असतो, खोलीच्या दाबाशी त्याला देणंघेणं नसतं. पंखा आत फुंकणारा लावा किंवा बाहेर ओढणारा. साथीला आणि अपघाताला एकच तंबू चालवायचा असेल, तर निवड कमानींचीच करावी लागते.

वऱ्हाडातल्या चार कसोट्या

युरोपच्या हवामानात तपासलेली वस्तू वऱ्हाडात आणली की चार ठिकाणी तिची परीक्षा होते.

पहिली कसोटी उन्हाची. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावलं. शिकवणी वर्गांच्या वेळांपासून कामगारांच्या पाण्या-सावलीपर्यंतच्या सूचना त्या आदेशात होत्या. अशा दिवसांत हवेच्या तंबूला दोन धोके असतात. एक आतल्या माणसाला, एक नळीला. पहाटे २५ अंशांना ०.३ बार दाबाने भरलेली नळी दुपारी उन्हात ६० अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातला दाब ०.४५ बारच्या आसपास जातो. म्हणजे दीडपट. जादा हवा आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह नसेल तर शिवणीचा कस लागतो. आणि तो असेल, तर दुपारी सुटलेली हवा रात्री कमी पडते. चिखलदऱ्याच्या हिवाळ्यात याच्या उलट. पहाटे नळ्या ढिल्या पडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ दाब पाहणारा माणूस नेमावाच लागतो. आतल्या माणसासाठी छतावर हातभर अंतर सोडून दुसरं पांढरं कापड ताणणं आणि बाजूच्या कनाती वर गुंडाळता येणं हे वातानुकूलन यंत्राइतकंच गरजेचं. नुसत्या पत्र्याखाली किंवा एकेरी ताडपत्रीखाली मे महिना काढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

दुसरी कसोटी जमिनीची. पूर्णा खोऱ्यातली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दोन्ही ऋतूंत तंबूच्या खुंटीला ती दगा देते. पावसाळ्यात खुंटी लोण्यातून निघाल्यासारखी वर येते, उन्हाळ्यात भेगेत पोकळ बसते. इथे साध्या खुंट्यांवर विसंबून चालत नाही. जमिनीत पिळत खोल जाणारे स्क्रू-अँकर तरी हवेत किंवा तंबूच्या पायाशी पाण्याच्या पिशव्या. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि टँकर प्रत्येक तालुक्यात आहे. भरलेल्या ट्रॉलीला तणावे बांधणं हासुद्धा चांगला उपाय आहे. शक्य असेल तिथे शाळेचं सिमेंटचं अंगण किंवा बाजार समितीचा ओटा निवडावा.

तिसरी वाऱ्याची. पावसाळ्याआधी इकडे जे वावधन सुटतं त्याला दिशा नसते आणि पूर्वसूचना फारशी नसते. ताशी ६० किलोमीटरचा वारा दहा मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाजूवर सव्वाचारशे किलोच्या आसपास जोर लावतो. वेग १०० किलोमीटरवर गेला की तोच जोर जवळजवळ बाराशे किलो. कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि कधी कधी घात वारा एकटा करत नाही. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी, बाबूजी महाराज संस्थानात जमलेले भाविक वादळी पावसात टिनाच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. लोखंडी शेड ज्या झाडाखाली टिकली नाही, तिथे कापडाचा तंबू काय टिकणार? सावली पाहून झाडाखाली मांडव घालण्याची आपली सवय वादळाच्या दिवसांत मोडावीच लागेल.

चौथी कसोटी आगीची. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं दगावली. ती पक्की इमारत होती. पॉलिएस्टर आणि पीव्हीसीच्या तंबूत ऑक्सिजनच्या नळ्या नेताना काळजी याहून जास्त हवी. कापड आग न पकडणारं असल्याचं प्रमाणपत्र, जनरेटर तंबूपासून दूर, वायरी जमिनीवर लोळू न देणं, आणि दोन्ही टोकांना उघडणारी दारं. या गोष्टी खरेदीच्या कागदावर पहिल्या पानावर हव्यात.

घड्याळ पाहून आसरा

मग हवेचा तंबू घ्यावा तरी कशाला, असा प्रश्न पडेल. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात अतिवृष्टी झाली, मोर्णा नदीचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. अशा वेळी माणसांना हलवायला शाळा, समाजमंदिरं, मंगल कार्यालयं असतात आणि तीच योग्य. घर बुडालेल्या कुटुंबाला फुगवलेल्या तंबूपेक्षा पक्की खोली आणि मोरी जास्त उपयोगी. राहण्यासाठी हवेचा तंबू घेऊच नये, हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

त्याची जागा वेगळी आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. पुलगाव वर्धा जिल्ह्यात, पण नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांचा बळी गेला आणि भोवतालची गावं रातोरात रिकामी करावी लागली. अशा प्रसंगी भाजलेल्या आणि जखमी माणसांची जागच्या जागी वर्गवारी करायला, रक्तस्राव थांबवायला, सलाइन लावायला तासाभरात झाकलेली, उजेड असलेली स्वच्छ जागा लागते. समृद्धी महामार्गावरच्या मोठ्या अपघातात तीच गरज. मेळघाटात पावसाळ्यात पूल बुडून वाट तुटली की बाळंतपणासाठी तीच गरज. परतवाड्यावरून सेमाडोहमार्गे धारणी अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. ‘एनडीआरएफ’ या राष्ट्रीय आपत्ती दलाची बटालियन पुण्याजवळ, राज्याच्या ‘एसडीआरएफ’च्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. त्या येईपर्यंतचे तास जिल्ह्यानेच काढायचे असतात.

यावरून आसऱ्यांचा एक क्रम लावता येतो. पहिल्या तासापासून साधारण आठवड्यापर्यंत उपचाराच्या जागेसाठी हवेचा तंबू. आठवड्यापासून पुढे काही महिने किंवा वर्षं अमरावतीसारखं घडीचं रुग्णालय. घर गमावलेल्यांसाठी आधी शाळा आणि मग कंटेनर, जसे जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाचलेल्या कुटुंबांना दिले गेले. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की गोंधळ होतो. तंबू तीन महिने उभा ठेवला तर ऊन त्याचं कापड खातं. घडीच्या रुग्णालयाची वाट पाहत बसलं तर पहिले तास हातचे जातात. दोन्ही जोडताही येतात. एप्रिल २०२० मध्ये इटलीत तुरीन इथे मालवाहू कंटेनरमध्ये अतिदक्षता कक्ष बसवला आणि ये-जा करायचा जोडमार्ग फुगवलेल्या कापडाचा केला.

गोदामातलं आयुष्य

वऱ्हाडाला हे तंत्र अगदी परकंही नाही. पुरात फिरणारी रबरी बोट हवेवरच तरते. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांच्या शोध-बचाव साहित्यात असलेला आस्का लाइट हा जनरेटरच्या पंख्यावर ताठ उभा राहणारा कापडी खांबच. या दोन वस्तूंनी जे शिकवलं आहे तेच तंबूलाही लागू पडतं. वापराविना पडलेली बोट नेमकी पुराच्या दिवशी गळते. ओली गुंडाळलेली, उंदरांच्या गोदामात टाकलेली, व्हॉल्व्हची चावी हरवलेली वस्तू कागदावर असते, कामाला नसते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, तंबू पूर्ण फुगवून एक रात्र उभा ठेवायचा, दाब किती उतरला ते वहीत लिहायचं, ठिगळ लावायला दोन माणसं शिकवायची आणि कोरडा करूनच गुंडाळायचा. याला पैसा थोडा लागतो, शिस्त बरीच लागते.

दुरुस्तीचं आणि पुढे कदाचित निर्मितीचंही कौशल्य इथेच उभं राहू शकतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापड उद्योगाची वसाहत आहेच. तिथल्या ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वर्ध्याहून झाली. वऱ्हाडाचा कापूस या तंबूच्या कामाचा नाही. त्याला पॉलिएस्टरचं विणकाम, त्यावर पीव्हीसीचा थर आणि उच्च वारंवारतेच्या लहरींनी वितळवून केलेले जोड लागतात. शिलाईला भोकं पडतात, या जोडाला पडत नाहीत. पण तागे तपासणं, थर चढवणं, जोड मारणं ही कामं कापडाच्या वसाहतीतच शोभतात. ट्रकची ताडपत्री, शेततळ्याचं अस्तर आणि आपत्तीतला तंबू ही एकाच प्रकारच्या उद्योगाची उत्पादनं आहेत.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांना हवेच्या तंबूंचा ढीग नको आहे. प्रत्येक जिल्ह्यात कमानींचे दोन तंबू पुरेत: एक मुख्यालयी, एक दूरच्या तालुक्यात, अमरावतीपुरतं बोलायचं तर धारणीला. त्यांच्याबरोबर पाण्याच्या पिशव्या, स्क्रू-अँकर, दुहेरी छत, दोन पंप, हाताने मारायचा एक पंप आणि नावानिशी नेमलेली दहा माणसं. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात दर वर्षी साहित्याची यादी छापली जाते. पुढच्या वेळी ती यादी हाती आली, तर किती वस्तू आहेत हे विचारू नका. गेल्या जूनमध्ये त्यातल्या किती वस्तू उघडून, फुगवून, चालवून पाहिल्या, एवढंच विचारा.